दोन टाके, एक फुली

कडक काकूला हे नाव पडलं ते दोन गोष्टींवरून. एक तिचा स्टार्च आणि दुसरी तिची जीभ. तिनं इस्त्री केलेली कॉलर अशी उभी राहायची की माणसाला मान खाली घालता येऊ नये. आणि तिनं सुनावलं की मान वर करता येऊ नये.

तिची लाँड्री म्हणजे एक लांबट खोली. पुढं काउंटर, मागं दोन हौद, कोपऱ्यात कपडे पिळायचं यंत्र. ते सुरू झालं की वरच्या मजल्यावरच्या कपबशा नाचायच्या. मधे इस्त्रीचं टेबल, त्यावर घोंगडी, घोंगडीवर करपून तांबूस झालेली चादर. खोली तिच्या सासूनं कधीतरी स्वतःच्या नावावर करून घेतली होती. म्हणून काकू अजून गल्लीत आहे. बाकीचे भाडेकरू होते, ते गेले. यात काकूचं शौर्य वगैरे काही नाही. हिच्याकडं कागद होता, त्यांच्याकडं नव्हता. संपला विषय.

गल्लीत काय काय घडलं हे कुणाला जाणून घ्यायचं असेल तर पुस्तकं शोधत बसू नये. काकूला डाग विचारावेत.

ती लग्न होऊन आली तेव्हा डाग एकच होता, काळं तेल. गल्लीच्या टोकाला कारखाना होता आणि घरटी एक तरी निळी डांगरी दर आठवड्याला हौदात पडायची. मग कारखाना बंद पडला. तेल गेलं. पुढची बरीच वर्षं डागच नव्हते, कारण कपडेच येत नव्हते. ज्याच्या हाताला काम नाही तो कपडे घरी धुतो.

मग रंग आला. खोल्या स्वस्त, कारखान्याच्या खिडक्या भिंतीएवढ्या, उजेड भरपूर, म्हणून चित्रं काढणारी पोरंपोरी राहायला आली. त्यांच्या शर्टांवर निळं, पिवळं, जांभळं, सगळं असायचं. काकू त्यांना शिव्या घालायची आणि टर्पेंटाईनच्या बोळ्यानं एकेक ठिपका काढायची. चांगली होती ती पोरं. त्यांनी भिंती रंगवल्या, संध्याकाळी पायऱ्यांवर बसून गाणी म्हटली. ते बघायला लोक यायला लागले. बघायला आलेले राहायला आले. राहायला आले ते पैसेवाले होते, मग भाडी चढली. आणि सगळ्यात आधी कोण बाहेर पडलं? तीच रंगवाली पोरं. शिडी लावली यांनी, वर चढले दुसरेच.

आता डाग म्हणजे कॉफी आणि लाल वाईन. कॉफी गरीब असते, गरम पाण्यात निघते. वाईन हट्टी. पण सगळे डाग फक्त मांडीवरच्या नॅपकिनवर. अंगावर डाग पडेल असं काम आता गल्लीत कुणी करतच नाही.

या सगळ्या उलथापालथीत एक डाग मात्र कायम होता, पिठाचा. तो भट्टीवाल्याचा. लाँड्रीच्या समोर, चार दारं सोडून त्याची पावाची भट्टी होती. आधी बापाची, मग त्याची. गेल्या वर्षी त्याच्या जागेचा करार संपला आणि मालकानं पुढचा केलाच नाही. पंधरा दिवसांत सामान हललं. शेवटच्या दिवशी भट्टीवाला घाईघाईत लाँड्रीत आला आणि बापाचा कोट काउंटरवर ठेवून म्हणाला, "काकू, एवढा धुऊन ठेवा. येईन घ्यायला."

"येशील कधी?"

"येईन."

तो गेला बसनं तासाभरावर, शहराच्या पार त्या टोकाला. तिथं पावाच्या मोठ्या कारखान्यात लागला. तिथं अंगात प्लास्टिकचा झगा आणि डोक्यावर कागदी टोपी.

कोट साधासुधा नव्हता. जाड पांढरं कापड, दुहेरी बटणं, दोन्ही कोपरांना ठिगळं, डाव्या हातोप्याजवळ भाजल्याची काळी कड. त्या घरात एक पद्धत होती. भट्टी नव्यानं लावायची, किंवा दुरुस्तीनंतर पुन्हा पेटवायची, तर पेटवणाऱ्याच्या अंगात तो कोट पाहिजे. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. बापानं केलं म्हणून पोरानं केलं.

आता लाँड्रीची पद्धत सांगायला पाहिजे, कारण घोटाळा तिथंच झाला.

काकूकडं वही नाही, चिठ्ठी नाही, छापील नंबर नाही. कपड्याच्या आत, कॉलरखाली, लाल दोऱ्याची खूण. एक टाका आणि ठिपका म्हणजे अमुक दार. तीन आडवे टाके म्हणजे तमुक दार. खूण दाराची, माणसाची नाही. हे सासूनं ठरवलेलं. ती म्हणायची, माणसांचं काय सांगावं, भाऊ भाऊ भांडतात, सुना वेगळ्या निघतात, दोघांची नावं एक निघतात. दार कुठं जातंय? आणि तेव्हा ते खरंच होतं. खोली बापाची ती पोराची, पोराची ती नातवाची. दारासोबत खूणही वारशानं यायची.

भट्टीच्या दाराची खूण होती दोन टाके, एक फुली.

भट्टीच्या जागी सहा महिन्यांनी कॉफीचं दुकान आलं. तिशीतला एक पोरगा, दाढी राखलेली, बोलायला गोड. त्याचे नॅपकिन आले तेव्हा काकूनं नाव विचारलं नाही. ते कुठल्या दारातून आले एवढं बघितलं आणि सुईत लाल दोरा ओवला.

गुरुवारी दुपारी भट्टीवाल्याचा फोन आला.

"काकू, ओळखलंत का?"

"आवाजात अजून पीठ आहे तुझ्या. बोल."

"पोरगी स्वतःची भट्टी टाकतीये. इथंच, आमच्या घराखाली. सोमवारी सकाळी पेटवायची. रविवारी येतो आम्ही कोट घ्यायला. आहे ना?"

"म्हणजे काय! तीस वर्षांत या लाँड्रीतनं बटण हरवलेलं नाही. कोट कुठं जातोय?"

फोन ठेवून काकूनं वरच्या फळीवर हात घातला. फळी रिकामी. खालची बघितली. हौदामागं बघितलं. जुन्या चादरींची पेटी उपसली. मग तिनं हाक मारली ती थेट दिरालाच. दीर म्हणजे सायकलवरून कपडे पोचवणारा भाऊजी. वय पन्नाशीचं, पोट सुटलेलं, पण जीभ पोरसवदा.

"भाऊजी! भट्टीवाल्याचा कोट कुठं टाकलात?"

"मी कशाला टाकू? मला तर तो तीन बाजूंनी पुरणार नाही."

"दात काढू नका. वर्षभर पडून पिवळा पडला म्हणून महिन्यापूर्वी मी स्वतः पुन्हा धुतला, स्टार्च केला, इथं ठेवला."

"मग स्वतःलाच विचारा, वहिनी. माझ्याकडं तुम्ही जेवढं बांधून देता तेवढंच जातं. शेजारच्या दारातला मोजासुद्धा मी आपल्या मनानं देत नाही, इतका मी आज्ञाधारक."

त्या दिवशीच्या कॉफीवाल्याच्या नॅपकिनचा गठ्ठा काउंटरवर तयार होता. भाऊजी उठायच्या आत तिनं तो काखेत मारला आणि म्हणाली, "मी देऊन येते. डोकं तापलंय, जरा वारा लागेल."

दुकान उघडल्यापासून ती एकदाही आत गेली नव्हती. दार ढकललं आणि समोरच्या भिंतीवर कोट.

मोठ्या काचेच्या फ्रेममधे, दोन्ही बाह्या पसरलेल्या, जसं कुणी त्याला हात वर करायला सांगितलंय. वरून छोटा दिवा सोडलेला. खाली पाटी. या गल्लीतल्या शेवटच्या भट्टीवाल्याचा कोट, जुन्या दिवसांच्या स्मरणार्थ.

काकूनं गठ्ठा टेबलावर असा आपटला की दोन गिऱ्हाइकांनी कप उचलून धरले.

"स्मरणार्थ? कुणाच्या स्मरणार्थ? मेलाय का तो?"

कॉफीवाला काउंटरमागून धावत आला. "काकू, काय झालं?"

"दुसऱ्याचा कोट भिंतीला टांगतोस आणि मला विचारतोस काय झालं? कुठनं उचललास?"

"उचलला?" पोराचा चेहरा पडला. "काकू, तुम्हीच पाठवला होता. माझ्या नॅपकिनच्या वर. कडक इस्त्री, नीट घडी, तपकिरी कागदात. मला वाटलं, गल्लीनं भेट दिली. खरं सांगतो, त्या दिवशी मला भरून आलं होतं. इथं माझ्याशी कुणी बोलत नाही हो धड."

काकूनं एकदा कोटाकडं बघितलं. मग तशीच वळली आणि बाहेर पडली.

लाँड्रीत येऊन तिनं कपड्यांचा ढीग पुढ्यात ओढला आणि स्वतःचेच हात बघत बसली. ढीग लावताना ती कपडा बघतच नाही. कॉलर उलटायची, खूण बघायची, त्या त्या दाराच्या ढिगावर फेकायचं. तोंड भाऊजींशी भांडत असतं, हात आपलं काम करत असतात. त्या दिवशीही तसंच झालं असणार. मनात भट्टीवाला, कोट त्याच्यासाठी कागदात गुंडाळायचा हेही मनात. पण त्याआधी हातांनी कॉलर उलटली, दोन टाके एक फुली बघितली आणि कोट नॅपकिनवर जाऊन पडला. मग काकूनं स्वतःच तो गुंडाळला. कुठल्या ढिगावरून उचलला ते न बघता, परत त्याच ढिगावर ठेवला.

"काय हो वहिनी," भाऊजी म्हणाला, "सापडला का चोर?"

"सापडली."

भाऊजीच्या जिभेवर काहीतरी आलं होतं. त्यानं वहिनीकडं बघितलं आणि ते गिळलं. सायकलची चेन आधीच तेल पाजलेली होती, तिला परत तेल पाजायला तो बाहेर गेला.

शुक्रवारभर काकू धुमसत राहिली. आधी कॉफीवाल्यावर. विचारता येत नव्हतं का त्याला? कागदात कोट आला, तर हा कुणाचा, एवढं विचारायला तोंड नाही? मग घरमालकावर, ज्यानं करार केला नाही. मग भट्टीवाल्यावर, जो वेळेत आला नाही. सगळ्यांना शिव्या देऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं की अजून एकजण शिल्लक आहे, आणि तिला मात्र शिवी देता येत नाहीये.

भाऊजीनं दुपारी भीत भीत सुचवलं. "मी जाऊन आणू का कोट? सांगतो, नजरचुकीनं गेला म्हणून. माझी चूक म्हणतो. माझी काय, पाच-पन्नास तर आहेतच, अजून एक."

"काही गरज नाही."

"रविवार परवा आहे, वहिनी."

"मला वार कळतात."

भट्टीवाल्याला फोन करून 'कोट हरवला' म्हणता आलं असतं. तो काही बोलला नसता, तो तसा माणूसच नाही. सोमवारी पोरीनं दुसरा कसलातरी कोट घालून भट्टी पेटवली असती. पाव तसाही फुगला असता. काकूनं हे सगळं मनात घोळवून बघितलं. संध्याकाळी यंत्र बंद करताना ती स्वतःशीच म्हणाली, "नाही जमणार."

शनिवारी सकाळी कॉफीचं दुकान भरलेलं असतं. तिनं मुद्दाम तीच वेळ धरली. दारातच उभी राहिली आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "परवा मी याला मोठ्यानं चोर म्हटलं. तर आज मोठ्यानंच सांगते. चूक माझी होती. यानं काही चोरलं नाही."

कॉफीवाला लाजला. "काकू, अहो, एवढं कशाला. बसा ना. काय घेणार?"

"कोट घेणार."

त्यानं भिंतीकडं बघितलं. "काकू, एक विचारू? लोक यासाठी येतात इथं. यासमोर फोटो काढतात. हे लावेपर्यंत ही नुसती चार भिंतींची जागा होती. मी असं करतो, त्यांना अगदी असाच नवा शिवून देतो. चांगल्या कापडाचा, बटणं पण तशीच."

"सोमवारच्या आत?"

"दोन आठवडे लागतील."

"मग तो नवा तू टांग इथं. ज्याला नुसतं बघायचंय त्याला नवा चालतो. ज्याला अंगात घालायचाय त्याला जुना लागतो."

एका टेबलावरून कुणीतरी हसलं. कॉफीवाला नाही हसला. "मला वाटलं होतं," तो हळू म्हणाला, "की ती माणसं आता नाहीत."

"नाहीत कशी? बसनं तासाभरावर आहेत. पहाटे उठतात, कामाला जातात. पोरगी भट्टी टाकतीये. तुम्ही लोक ना, माणूस इथनं हलला की त्याच्या फोटोला हार घालायलाच निघता."

मग तिनं टेबलावरचा एक नॅपकिन उचलला, कोपरा उलटला आणि त्याच्या नाकासमोर धरला. लाल दोऱ्याचे दोन टाके, एक फुली.

"ही काय आहे माहीत आहे?"

"नक्षी. मला आवडते. मी तर बोर्डावर काढायची म्हणत होतो."

"नक्षी नव्हे. ही भट्टीवाल्याची खूण आहे. कोटाच्या कॉलरखालीही हीच आहे. दार तेच म्हणून मी तुलाही तीच घातली. म्हणून कोट तुझ्याकडं आला. माझ्या सासूनं दारं मोजली, मी पण दारंच मोजत बसले. आतली माणसं बदलली ते हातांना कुणी सांगितलंच नाही."

पोरानं नॅपकिन हातात घेतला. मग म्हणाला, "म्हणजे इतके दिवस मी त्यांच्या खुणेनं... मग काकू, माझी खूण कुठली?"

काकूला पहिल्यांदाच त्या पोराची जरा कीव आली. दाढीबिढी सगळं ठीक, पण पोरगं एकटंच होतं.

"तुझी अजून नाही," ती म्हणाली. "विचार करून सांग. पण तीन टाक्यांत बसली पाहिजे. कपबशी-बिपबशी मला जमायची नाही."

त्यानं स्टूल आणलं. फ्रेम उतरवून टेबलावर आडवी ठेवली, मागचे खिळे एकेक करून काढले. कोट पाठीमागच्या पुठ्ठ्याला टाचण्यांनी अडकवलेला होता. काकूनं त्याला हात लावू दिला नाही. एकेक टाचणी तिनं स्वतः काढली आणि तोंडात धरली. त्यामुळं दहा मिनिटं ती काही बोलली नाही. गल्लीच्या आठवणीत एवढा वेळ ती प्रथमच गप्प होती, असं भाऊजी पुढं सगळ्यांना सांगत फिरला.

रविवारी भट्टीवाला आणि त्याची पोरगी आले. तो वाळला होता. पोरगी बापापेक्षा हातभर उंच, मनगटं जाड, डोळ्यांत झोप. काकूनं कोट काउंटरवर ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही.

"आधी ऐक. हा महिनाभर समोरच्या भिंतीवर टांगलेला होता. काचेत. मी चुकून तिकडं दिला. चुकलं माझं."

भट्टीवाल्यानं डोळे मोठे केले. "काकू, तुमचं? चुकलं?" तो पोरीकडं वळला. "चल, लवकर घरी जाऊ. आज जग बुडणार."

"बुडालं तर तुझ्यामुळं. वर्षभर यायला काय झालं होतं रे?"

तो हसायचा थांबला. "यायचं म्हटलं की इथनं जावं लागायचं," त्यानं रस्त्यापलीकडं मान वळवली. "त्या दारावरनं. पाय निघायचा नाही."

त्या दारात कॉफीवाला उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. त्यानं हात हलवला, मग रस्ता ओलांडून आला. भट्टीवाल्यानं त्याला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

"काचेची फ्रेम कुठल्या भिंतीवर लावली होतीस? समोरच्या?"

"हो."

"सारखी वाकडी होत असेल."

"रोज! रोज सरळ करायचो. तुम्हाला कसं कळलं?"

"आत धुराडं आहे, पोकळ. तिथं खिळा धरत नाही. जड काही लावायचं असेल तर डावीकडं लाव, तिकडं दगड आहे."

"आत येता का? दाखवता मला?"

भट्टीवाल्यानं मान हलवली. "आज नको." मग म्हणाला, "सोमवार होऊ दे. मग बघू."

इकडं पोरीनं कोट अंगात घातला होता. खांद्यात बसला, पण बाह्या बोटांवर आल्या. आजोबांचे हात भलतेच लांब असणार. तिनं त्या वर सरकवल्या, त्या परत खाली आल्या.

"आगीशी या बाह्यांनी खेळणार तू?" काकू म्हणाली. "काढ तो."

"काकू, बस आहे आमची. पाच मिनिटांत."

"काढ म्हणते ना."

काकूनं इस्त्री लावली. डावा हातोपा दोनदा आत दुमडला. भाजलेली काळी कड आत गेली, तेव्हा तिनं घडी उकलली आणि बाहेर दुमडली, म्हणजे कड वर राहील. उजवाही तेवढाच दुमडला, पाणी शिंपडलं, सगळं वजन टाकून दाबलं. मग सुईत दोरा ओवून दोन्हीकडं चार-चार टाके मारले, काम संपल्यावर उसवता येतील असे. भाऊजी दारातून ओरडला, "वहिनी, बस आली! अहो थांबली! अहो, गेली!"

पोरीनं कोट चढवला, हात पुढं पसरले, बोटं उघडमीट करून बघितली. बाह्या जागच्या हलल्या नाहीत.

"आता पेटव," काकू म्हणाली आणि इस्त्रीचं बटण बंद केलं.

पुढची बस अर्ध्या तासानं होती. भट्टीवाला काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला. नवीन भट्टीचं तोंड किती रुंद आहे, विटा कुठनं आणल्या, पोरगी कशी त्याचं काही ऐकत नाही, हे तो सांगत राहिला आणि काकू त्याला मधेमधे खोडत राहिली.